खटल्याबाहेरचं म्हातारपण



विषयाला थेट हात घालतो. आजच्या चित्रपटांत म्हातारपण कसं दिसतं, असं विचारलं तर आपल्याकडचं सर्वांत परिचित उत्तर असं आहे की ते खटल्यासारखं दिसतं. आई-बाप फिर्यादी, मुलं आरोपी, प्रेक्षक न्यायाधीश, आणि निकाल तिकीट काढण्याआधीच ठरलेला. १९५४ साली राजा परांजपे यांनी ‘ऊन पाऊस’मध्ये मुलांच्या घरी होणारी आई-बापांची वाटणी दाखवली. २००३ साली ‘बागबान’नं तीच वाटणी हिंदीच्या मोठ्या पडद्यावर आणली. २०१६ साली महेश मांजरेकर यांनी ‘नटसम्राट’ हे नाटक चित्रपटात उतरवलं आणि २०२४ साली त्यांच्याच ‘जुनं फर्निचर’मध्ये बाप मुलाविरुद्ध खरोखरीच कोर्टाची पायरी चढला. सत्तर वर्षांत कपडे बदलले, घरं बदलली, मुलांचे हुद्दे बदलले, पण फिर्यादीचा मसुदा जवळपास तोच राहिला. तो मसुदा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की त्यात आपण इतके गुंतलो की म्हातारपणातली सगळ्यांत मोठी गोष्ट पडद्याआड राहिली: थकलेल्या माणसाचं रोज उठून सगळं करावं लागतं, आणि ते कुणीतरी करत असतं. कोण करतं, कुणाच्या बळावर, कुणाच्या पैशानं, हे आपला चित्रपट फार क्वचित विचारतो. जेव्हा विचारतो तेव्हा तो आपल्या काळातला श्रेष्ठ चित्रपट होतो, असं माझं प्रतिपादन आहे.

आधी खटल्याची रचना पाहू. ‘बागबान’मधला राज मल्होत्रा बँकेतून निवृत्त झालेला आहे. चार मुलं आई-बापांना एकत्र ठेवायला तयार होत नाहीत, म्हणून तो एका घरी आणि ती दुसऱ्या घरी अशी सहा-सहा महिन्यांची पाळी लागते. यातून सुटका कशी होते? राज कादंबरी लिहितो, ती तुफान खपते, आणि लहानपणी ज्याला आधार दिला तो मानलेला मुलगा पाठीशी उभा राहतो. म्हणजे उत्तर मिळतं ते नशिबाकडून आणि जास्त चांगल्या मुलाकडून. आता या बापाच्या शरीराकडे पाहा. तो ताठ चालतो, नाचतो, त्याची स्मरणशक्ती शाबूत आहे, रात्री जागून तो टाइपरायटर चालवू शकतो. ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकरही दोन्ही मुलांच्या घरून बाहेर पडतात तेव्हा स्वतःच्या पायांनी, आणि वाणीचं सामर्थ्य तर त्यांच्यात शेवटपर्यंत आहे. हा योगायोग नाही. खटल्याला बोलणारा फिर्यादी लागतो. शेवटचं मोठं भाषण करायला छातीत दम हवा, जिभेवर शब्द हवेत, मागचं सगळं आठवायला हवं. त्यामुळे ज्यांचं म्हातारपण खरोखर परावलंबी झालेलं आहे, ज्यांना कूस बदलायलाही दुसऱ्याचा हात लागतो, ती माणसं या प्रकारच्या चित्रपटाची नायक होऊच शकत नाहीत. आणखी दोन गोष्टी ओघानंच येतात. फिर्याद करायला आधी काहीतरी देऊन टाकलेलं असावं लागतं: घर, फंडाचे पैसे, दागिने. म्हणून हा म्हातारा बहुधा मध्यमवर्गीय असतो. आणि तो पुरुष असतो. ‘बागबान’मध्ये आईनं बापाइतकंच सोसलेलं आहे, तरी अखेरचं भाषण बापाच्या वाट्याला येतं, ‘नटसम्राट’मध्ये कावेरी वाटेतच संपते, आणि तिच्या मरणाचा उपयोग अप्पांचं दुःख गडद करण्यासाठी होतो.

इथे एक आक्षेप लगेच येईल आणि तो मला योग्य वाटतो. ‘नटसम्राट’ला या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे. १९७० साली रंगभूमीवर आलेलं शिरवाडकरांचं नाटक मुळात एका नटाच्या पडझडीचं आहे; भूमिका संपल्यावर माणसाजवळ काय उरतं हा त्याचा प्रश्न आहे आणि मागे शेक्सपिअरचा लिअर उभा आहे. हे मला मान्य आहे. उलट मी पुढे जाऊन असं म्हणेन की त्या नाटकातच खटल्याबाहेर जाणारी एक वाट होती. घराबाहेर पडलेल्या अप्पांना जवळ करतो तो बूटपॉलिश करणारा पोरगा. रक्ताचं नातं नाही, जात-वर्गाचं नातं नाही, देणंघेणं नाही. तो पोरगा कसा जगतो, म्हाताऱ्याला खाऊ घालण्यासाठी काय करतो, या दिशेनं पाहायला हरकत नव्हती. पण आपल्या लोकप्रिय परंपरेनं त्या नाटकातून घेतलं ते मुलांवरचं आरोपपत्र. बूटपॉलिशवाला तसाच मागे राहिला. ‘१०२ नॉट आउट’सारखा हसवणारा, वेगळी वाट शोधणारा चित्रपटही शेवटी परदेशातल्या नातवाला दोषी ठरवूनच मोकळा होतो, शंभरी ओलांडलेल्या बापाची सगळी कल्पकता तिथेच खर्ची पडते.

जगाच्या चित्रपटानं हा प्रश्न पूर्वी वेगळ्या रीतीनं हाताळला होता, हे इथे आठवायला हवं. १९३७ साली लिओ मॅककॅरी यांनी ‘मेक वे फॉर टुमॉरो’ केला. त्यातही म्हाताऱ्या नवरा-बायकोची मुलांच्या घरांत वाटणी होते, पण चित्रपट सुरू होतो तो बँकेनं घर घेतल्यापासून. महामंदीतल्या अमेरिकेत मुलांचीही घरं लहान आहेत, हात आखडलेले आहेत. हा धागा घेऊन यासुजिरो ओझू यांनी १९५३ साली ‘टोकियो स्टोरी’ केला. आई-बाप शहरातल्या मुलांकडे येतात, मुलांना वेळ नसतो, त्यांची खरी काळजी घेते ती युद्धात नवरा गमावलेली सून. आईच्या मृत्यूनंतर धाकटी मुलगी भावंडांना स्वार्थी म्हणते. तिचं म्हणणं ऐकून तीच सून सांगते की प्रत्येकाला स्वतःचा संसार असतो, माणसं अशीच दूर जातात. आरोप उच्चारला गेला आहे, आरोपीही समोर आहेत, आणि ओझू निकाल देत नाहीत. निकाल न दिल्यामुळे काय साधतं? प्रेक्षकाला रडून मोकळं होता येत नाही. त्याला त्या सुनेकडे पाहत राहावं लागतं, जिचं कुणी देणं लागत नाही आणि जिनं सगळं केलं.

आता मराठीकडे वळतो, कारण या बाबतीत मराठी चित्रपटाचं काम फार मोलाचं आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही. गजेंद्र अहिरे यांच्या ‘अनुमती’मध्ये विक्रम गोखले यांनी निवृत्त शिक्षकाची भूमिका केली आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बायको कृत्रिम श्वासावर आहे, पैसे संपत आले आहेत, आणि उपचार पुढे चालवायचे की थांबवायचे या कागदावर त्यांची सही हवी आहे. मुलगा दुष्ट नाही, त्याची कुवत संपली आहे. म्हाताऱ्याचं प्रेम इथे भाषणातून व्यक्त होत नाही. पैशासाठी तो दारोदार फिरतो त्यातून होतं. रुग्णालयाचं बिल हे या चित्रपटातलं सर्वांत कठोर पात्र आहे. तीनेक वर्षांनी राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ आला. तिथे गजाननकाका कामेरकर संपूर्ण चित्रपटभर शुद्धीवर नाहीत. गणपती तोंडावर आलेले, गावाहून आलेल्या नातेवाइकांची अतिदक्षता विभागाबाहेर गर्दी, काका गेले तर सुतक येईल आणि सणाचं काय, ही कुजबुज. ही कुजबुज हास्यास्पद आहे, पण अमानुष नाही. एका मोठ्या कुटुंबात मरण असंच व्यवहारात मिसळून येतं. ज्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही असा म्हातारा मध्यभागी ठेवला की खटला आपोआप कोसळतो. मग बाप-मुलाचं जुनं वैर, खर्च, निर्णयाचा भार, हे सगळं उघड्यावर येतं. हा चित्रपट लोकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिला, हसत आणि रडत पाहिला, हे मुद्दाम सांगतो. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

पण ज्याच्यापाशी सर्वांत जास्त थांबावं असा चित्रपट सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ आहे. डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे गाढे अभ्यासक, निवृत्त प्राध्यापक, आणि त्यांना अल्झायमर्सनं गाठलेलं आहे. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, आणि त्यांच्या अभिनयात आजाराचं प्रदर्शन कुठेच नाही. मुलगी इरा त्यांना गाडीत बसवून क्षणभर कामाला जाते, तेवढ्यात रस्त्यावरून हत्ती जातो, शास्त्री लहान मुलासारखे खाली उतरून त्याच्यामागे चालू लागतात आणि हरवतात. एकीकडे इराचा शोध, अपराधभाव, बहिणीशी होणारी बाचाबाची. दुसरीकडे माहूत आणि त्याची बायको चन्नम्मा यांच्या उघड्यावरच्या संसारात हा अनोळखी म्हातारा. शास्त्री चन्नम्माला आई म्हणू लागतात, आणि तीही त्यांना मूल म्हणून पदरात घेते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आयुष्यभर भाषा हेच ज्यांचं घर, त्यांची भाषा गळून पडते आणि जिच्याशी बोलायला धड समान भाषाही नाही अशा बाईजवळ त्यांना निवारा मिळतो. एखाद्या साध्या पटकथाकारानं इथे चन्नम्मा थोर आणि मुली वाईट असा निकाल दिला असता. भावे-सुकथनकर तसं करत नाहीत. इरा बापावर जिवापाड प्रेम करते, ती थकलेली आहे, तिला घर आहे, काम आहे. तिच्या थकव्याला चित्रपट गुन्हा म्हणत नाही. आणि चन्नम्माचं करणंही फुकट, हवेतून येत नाही. ज्यांना रोजचं अन्न मिळवायची भ्रांत आहे त्यांच्या घरात एक तोंड वाढलं आहे आणि हत्तीलाही खायला घालायचं आहे, हे आपल्याला सतत दिसत राहतं.

‘अस्तु’नंतर काही वर्षांनी, २०२० मध्ये, फ्लोरियन झेलर यांचा ‘द फादर’ आला आणि अँथनी हॉपकिन्स यांना ८३ व्या वर्षी ऑस्कर मिळालं. तिथे स्मृतिभ्रंश आतून दाखवला आहे: घरातलं सामान न सांगता बदलतं, एकच मुलगी दोन वेगळ्या अभिनेत्री साकारतात, आणि म्हाताऱ्याइतकाच प्रेक्षकही भांबावतो. शेवटी तो माणूस परिचारिकेजवळ आपल्या आईसाठी रडतो. दोन देश, एकमेकांशी संबंध नसलेले दोन चित्रपट, आणि दोन्हीकडे म्हातारा शेवटी परक्या स्त्रीजवळ आई शोधतो. मला हे साम्य फार अर्थपूर्ण वाटतं, कारण दोन्ही चित्रपटांच्या दिग्दर्शकांनी प्रामाणिकपणे शेवटपर्यंत पाहिलं तेव्हा त्यांना चौकटीत मुलगा-मुलगी सापडली नाहीत, काळजी घेणारी बाई सापडली. मिखाएल हानेके यांच्या ‘अमूर’मध्ये, २०१२ साली, हाच काळजीचा हात वेगळ्या बाजूनं दिसतो. पॅरिसमधले दोन निवृत्त संगीतशिक्षक; तिला पक्षाघात होतो, तो घरीच तिचं सगळं करतो. मदतीला ठेवलेली एक परिचारिका तिचे केस धसमुसळेपणानं विंचरते, आणि नवरा तिला कामावरून काढून टाकतो. काळजीचं काम पैसे घेऊन केलं जातं, ते चांगलं किंवा वाईट केलं जातं, त्यातून अपमान होतो, वाद होतो, आणि ज्याचं केलं जातं त्याला तक्रार करता येत नाही, एवढं सगळं त्या छोट्या प्रसंगात आहे.

आता मुख्य आक्षेप. कुणी म्हणेल, मुलं आई-बापांना टाकतात हे खरं आहे, तुमच्या सूक्ष्मतेनं ते खोटं ठरत नाही. म्हणून तर २००७ साली संसदेला आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा करावा लागला, न्यायाधिकरणं नेमावी लागली. अगदी बरोबर. पण त्या कायद्याकडेही नीट पाहा. तो मुलांकडून महिन्याला रक्कम मिळवून देऊ शकतो. मूळ कायद्यात तिची मर्यादा दहा हजार रुपये होती. रात्री दोन वाजता उठून पाणी देणारा माणूस तो मिळवून देऊ शकत नाही. आणि मुलांनी जे करावं त्याची इतकी तपशीलवार नोंद करणाऱ्या शासनाचा स्वतःचा वाटा किती? गरीब वृद्धांच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात केंद्राचा हिस्सा साठ ते एकोणऐंशी वयासाठी महिना २०० रुपये आहे, ऐंशीनंतर ५०० रुपये. राज्यं आपापली भर घालतात. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. त्यातल्या बहुसंख्यांनी आयुष्यभर शेतात, बांधकामावर, घरकामात राबून कधी पेन्शनचं तोंड पाहिलेलं नाही. त्यांच्या मुलांकडेही नाकारण्यासारखं फारसं काही नसतं. खटल्याचा चित्रपट आणि हा कायदा एकाच गृहीतकावर उभे आहेत: म्हातारपण ही घरातली बाब आहे आणि ती बिघडली तर दोष मुलांचा. महेश भट्ट यांच्या ‘सारांश’नं १९८४ सालीच या गृहीतकाला धक्का दिला होता. शिवाजी पार्कातल्या प्रधान मास्तरांचा मुलगा परदेशात मारला गेला आहे, त्यामुळे दोष द्यायला मुलगाच उरलेला नाही. त्याच्या अस्थी सोडवून घ्यायला गेलेला म्हातारा सरकारी टेबलासमोर उभा राहतो, आणि फिर्याद घराबाहेर येते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. काळजीवर असा भर दिला तर म्हातारा माणूस रुग्ण होऊन बसेल. त्याची इच्छा, त्याचं काम, त्याचं डोकं, हे सगळं खाटेवर झोपवलं जाईल. हा धोका खरा आहे, आणि त्याचं उत्तर सिद्धान्तात नाही, दोन चित्रपटांत आहे. दोन्हींत खराखुरा खटला आहे, आणि दोन्हींत म्हाताराच आरोपी आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधले नारायण कांबळे पासष्ट वर्षांचे लोकशाहीर. वीरा साथीदार यांनी त्यांना उभं केलं. ते शिकवण्या घेतात, गातात, तुरुंगात जातात, आजारी पडतात, सुटून पुन्हा गातात. त्यांचं कुटुंब काय करतं हा चित्रपटाचा विषयच नाही. मणिकंदन यांच्या तमिळ ‘कडैसी विवसायी’मधला मायांडी हा गावातला शेवटचा शेतकरी, मोर मारल्याच्या खोट्या आरोपाखाली कोठडीत पडतो आणि त्याची सगळी चिंता शेतातल्या उभ्या पिकाची असते. न्यायाधीश पोलिसालाच त्या पिकाला पाणी द्यायला लावतात. ही भूमिका नल्लांडी नावाच्या खऱ्या वृद्ध शेतकऱ्यानं केली. चित्रपट प्रदर्शित होण्याआधी ते गेले, आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा मरणोत्तर विशेष उल्लेख झाला. त्यांचे हात कॅमेऱ्यासमोर माती चाचपतात तेव्हा पांढरा विग आणि रंगवलेल्या सुरकुत्यांनी साकारलेलं म्हातारपण किती उसनं होतं ते कळतं. या दोन माणसांना काळजी लागत नाही असं नाही. कांबळ्यांना जामिनासाठी वकील लागतो, मायांडीच्या रोपांना दुसऱ्याच्या हातचं पाणी लागतं. त्यांचं करणं म्हणजे त्यांचं काम चालू राहील असं पाहणं. ताम्हाणे यांच्याच ‘द डिसाइपल’मध्ये शिष्य शरद म्हाताऱ्या गुरुजींची सेवा करतो, त्यांना डॉक्टरकडे नेतो, तिथे गाणं आणि सेवा वेगळी काढताच येत नाही, आणि त्या सेवेत शिष्याची स्वतःची उमेद कशी हळूहळू खर्च होते हेही चित्रपट लपवत नाही.

तिसरा आक्षेप धंद्याचा आहे: असलं कोण बघणार? याला थोडक्यात उत्तर देतो. ‘व्हेंटिलेटर’ची आठवण वर दिलीच. ‘पिकू’मध्ये सत्तरीच्या बापाचं बद्धकोष्ठ हा जवळजवळ कथेचा कणा आहे, आणि तो चित्रपट देशभर चालला. बापाचा हेकेखोरपणा, मुलीचं चिडणं, नोकराची ओढाताण, हे सगळं पाहताना लोकांना आपलं घर दिसलं.

राहता राहिली म्हातारी बाई. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्या स्त्रिया पुरुषांपेक्षा जास्त होत्या. पडद्यावर मात्र उलट आहे. अपवाद आहेत आणि ते आनंदाचे आहेत: ‘गुलाबो सिताबो’मध्ये फारुख जफर यांची बेगम सगळ्या पुरुषांच्या हिशेबांवर मात करून आपल्या जुन्या प्रियकराकडे निघून जाते, ‘झिम्मा’मध्ये सुहास जोशी यांची इंदू बायकांच्या घोळक्यात सहलीला जाते. पण जी बाई आयुष्यभर दुसऱ्यांचं करत आली, तिचं म्हातारपण कुणी पाहिलं? हाँगकाँगच्या अ‍ॅन हुई यांनी पाहिलं. २०११ च्या ‘अ सिम्पल लाइफ’मध्ये आह ताओ एका कुटुंबात साठ वर्षं घरकाम करते. पक्षाघात झाल्यावर ती स्वतःच वृद्धाश्रमात जायचं ठरवते, आणि तिनं वाढवलेला धनी, आता मध्यमवयीन चित्रपटनिर्माता, तिच्या भेटीला जाऊ लागतो. डीनी यिप यांना व्हेनिसमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. हुई यांनी त्या धन्याला संत केलेलं नाही, वृद्धाश्रमाला नरकही केलेलं नाही. खोल्यांमधले पातळ आडोसे, खर्च कोण देणार याची बोलणी, शेजारच्या म्हाताऱ्यांची उधारी, सगळं जसंच्या तसं आहे. आपल्याकडे असं घडत नाही, नोकराचं म्हातारपण धनी कशाला पाहील, असं कुणी म्हटलं तर मी सहमत होईन, आणि म्हणेन की मग गोष्ट तिथूनच सुरू होते. पुण्या-मुंबईच्या असंख्य घरांत आज ब्युरोतून आलेली बाई आठ ते आठ पाळी करते. ती डायपर बदलते, नाकातल्या नळीतून भरवते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर थोड्या वेळानं कूस बदलून देते, आणि पगारातून ब्युरोचं कमिशन कापून जातं. म्हातारा गेला की त्याच दिवशी तिची नोकरी संपते. रजा नाही, फंड नाही, आणि तिची स्वतःची आई गावाकडे बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर. तिची गोष्ट मराठीत लिहायला जो कुणी बसेल त्याला ओरडून भाषण करणारा फिर्यादी सापडणार नाही. त्याला तिच्या बारा तासांचा हिशेब मांडायला लागेल, आणि ती साठीची होईल तेव्हा तिला पाणी कोण देणार हे शोधायला लागेल.